आधी प्रबंध वाचा, मग ठराव करा

प्रति,
माननीय सदस्य,
व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद

विषय : स्त्री अभ्यास केंद्राचे विलीनीकरण, लिंगभावविषयक अभ्यासपत्रिका बंद करणे आणि एका संशोधक विद्यार्थिनीची रखडलेली मौखिकी

महोदय, महोदया,

आपल्या मागील बैठकांमध्ये दोन ठराव झाले. स्त्री अभ्यास केंद्र समाजशास्त्र विभागात विलीन करण्याचा एक, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाची ‘लिंगभाव आणि समाज’ ही अभ्यासपत्रिका पुढील शैक्षणिक वर्षापासून बंद करण्याचा दुसरा. इतिवृत्तात त्यांचे कारण ‘विद्यार्थिसंख्या आणि समाजभावना लक्षात घेऊन’ एवढ्या एका ओळीत दिले आहे. मी या केंद्राची आधी विद्यार्थिनी होते आणि नंतर तिथे सतरा वर्षे शिकवले; त्यातली बहुतेक वर्षे अकरा महिन्यांच्या करारावर आणि शेवटची काही तासिका तत्त्वावर. आज मी तिथे नाही, त्यामुळे स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी हे पत्र लिहिते आहे असे कोणी समजू नये. पत्राची प्रत मी आपल्या आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. तरीही ते जाहीर करते आहे, कारण ज्या समाजाच्या भावनेचा आधार आपण घेतला त्या समाजात आम्हीही मोडतो आणि आम्हाला कोणी काही विचारलेले नाही. विद्यापीठाचे नाव मी लिहिलेले नाही. एका संस्थेची बदनामी व्हावी हा माझा हेतू नाही, आणि इतर ठिकाणच्या वाचकांनाही आपल्याकडचे काही यात ओळखीचे वाटेल याची मला भीती आहे.

सुरुवात एका सूचनेपासून झाली. पीएच.डी.च्या खुल्या मौखिकीची, म्हणजे प्रबंधावरच्या जाहीर तोंडी परीक्षेची, सूचना नेहमीप्रमाणे संकेतस्थळावर लागली. शीर्षक होते ‘एसटी स्थानकांवरील स्वच्छतागृहे आणि कष्टकरी स्त्रियांचा वेळ, आरोग्य व रोजगार’. कोणीतरी त्या सूचनेचा फोटो ‘मुतारीवर पीएच.डी.’ असा मथळा देऊन व्हॉट्सॲपवर फिरवला. दोनतीन दिवसांत तो जिल्हाभर पोचला. मग करदात्यांच्या पैशांचा हिशोब मागणारे संदेश आले, विद्यार्थिनीचे छायाचित्र आले, तिच्या आडनावावरून तिची जात काढून झाली, आणि तिचे लग्न झाले आहे की नाही याचीही चर्चा झाली. त्यानंतर एक शिष्टमंडळ निवेदन घेऊन आपल्याकडे आले. त्या निवेदनात या विषयाचा उल्लेख ‘परदेशी’, ‘कुटुंबविरोधी’ आणि ‘निरुपयोगी’ असा होता. आठवड्याभरात मौखिकी ‘प्रशासकीय कारणास्तव’ पुढे ढकलल्याची सूचना लागली. पुढची तारीख आजपर्यंत जाहीर झालेली नाही.

त्या प्रबंधात काय आहे ते मी सांगू शकते, कारण मी तो वाचला आहे. एका तालुक्याच्या एसटी स्थानकावर ही मुलगी दोन उन्हाळे आणि एक पावसाळा पहाटेपासून दुपारपर्यंत वही घेऊन बसत असे. स्थानकाच्या फाटकाबाहेर भाजी विकणाऱ्या एका बाईंची नोंद त्यात बरीच सविस्तर आहे. त्या पहिल्या गाडीने येतात आणि दुपारी तीनच्या गाडीने परत जातात. त्यांच्या पिशवीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली असते. या मुलीने वहीच्या पानावर तशीच एक बाटली काढली आणि दर तासाला पाण्याची पातळी कुठे आहे याची रेघ मारत गेली. मे महिन्यातल्या एका दिवसाच्या पानावर सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळेतल्या सगळ्या रेघा बाटलीच्या गळ्यापाशीच एकावर एक पडलेल्या आहेत. बाईंनी जवळजवळ पाणीच प्यायलेले नाही. स्त्रियांच्या बाजूच्या तीन स्वच्छतागृहांपैकी दोनांना कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे असे तो दहाच्या आधी येत नसे; तिसऱ्याची कडी तुटलेली होती, त्यामुळे आत जायचे तर बाहेर दार धरून उभी राहणारी दुसरी बाई लागे, आणि तेवढा वेळ दोघींच्या टोपल्या वाऱ्यावर. म्हणून पाणीच प्यायचे नाही, हा त्या फाटकाबाहेर बसणाऱ्या सगळ्याजणींनी काढलेला तोडगा. पुढच्या प्रकरणात लघवीच्या जळजळीमुळे बुडालेले दिवस, डॉक्टरची फी आणि त्या दिवशी वाया गेलेला माल यांचा हिशोब आहे. पुरुषांच्या बाजूला दार, कुलूप आणि पैसे यांपैकी काही नव्हते.

यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून कळलेले नाही. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावाने मोहीम चालवली तेव्हाही लोक आधी त्या नावालाच हसले होते. तिचा प्रश्न साधा होता : मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, असे का? हा प्रश्न महानगरपालिकेच्या दारापर्यंत गेला, कारण कोणीतरी आधी जाऊन दारे, कड्या आणि कुलपे मोजली होती. ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला त्यांच्याही घरात एसटीने माहेरी जाणारी, तालुक्याला जाणारी आई असेल. गाडीत बसण्याआधी ती पाणी का नाकारते, हे त्यांनी तिला एकदा विचारावे.

माझा या विषयाशी संबंध कसा आला तेही सांगते. १९८१ च्या जनगणनेच्या वेळी मी आठ वर्षांची होते. प्रगणक म्हणून आलेले गुरुजी आमच्या ओट्यावर बसून कागद भरत होते. आई नुकतीच निंदणी करून आली होती, खुरपे अजून हातातच होते, आणि तशीच ती त्यांच्यासाठी माठातले पाणी घेऊन आली. गुरुजींनी वडिलांना विचारले, “बाई काही काम करतात का?” वडील म्हणाले, “नाही, घरीच असते.” गुरुजींनी तसे लिहून घेतले. आईने रिकामा तांब्या उचलला आणि ती आत गेली. माझे वडील खोटे बोलणारे नव्हते आणि आईला कमी लेखणारेही नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते, गुरुजींनाही तसेच वाटत होते, आणि मला वाटते आईलाही.

पुढे या केंद्रात शिकायला आल्यावर आमच्या बाईंनी एका तासाला १९८१ आणि १९९१ च्या जनगणनेतील कामाविषयीचे प्रश्न शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवले. १९९१ च्या प्रश्नाला एक पुस्ती जोडलेली होती : शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे कामही यात धरावे. ती पुस्ती आपोआप आलेली नव्हती. जनगणनेत कोट्यवधी बायकांचे काम गळून पडते हे स्त्री-अभ्यासकांनी आणि संघटनांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले, लावून धरले, तेव्हा ती आली. त्या तासाला मला आमचा ओटा आठवला आणि तो तांब्या आठवला. एका प्रश्नात दोनचार शब्द घातले की माझी आई देशाच्या हिशोबात येते आणि ते काढले की नाहीशी होते, हे तोवर मला कोणत्याच विषयाने शिकवले नव्हते. अर्थशास्त्र मी तीन वर्षे शिकले होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार आपल्या मौनाविषयी आहे. प्रबंधाचा विषय त्या मुलीने एकटीने ठरवलेला नव्हता. आराखडा संशोधन समितीपुढे गेला, समितीने प्रश्न विचारले, शीर्षकात दुरुस्ती सुचवली आणि मान्यता दिली. सहामाही प्रगती अहवाल आपल्याच कार्यालयाने स्वीकारले. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचून मौखिकी घेण्यास हरकत नसल्याचे कळवले, तेव्हाच ती सूचना लागली. म्हणजे ज्या शीर्षकाची थट्टा झाली ते विद्यापीठाचे शीर्षक होते. असे असताना ‘हा विषय आमच्या समितीने रीतसर मंजूर केलेला आहे’ एवढे एक वाक्यसुद्धा विद्यापीठाने काढले नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला ती मुलगी आणि तिचे वडील दोघेच गेले. तिथे त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : “पण मॅडम, असला विषय घेतलाच कशाला?” त्या वेळी तिच्या शेजारी विद्यापीठाचा एखादा अधिकारी बसलेला असता तर तो प्रश्न कदाचित विचारला गेला नसता.

दुसरी तक्रार वाचनाविषयी आहे. ठरावाच्या आधी केंद्राचे प्रबंध, अहवाल किंवा निदान अभ्यासपत्रिकेची वाचनसूची आपण मागवली होती का, असे मी केंद्रात विचारले. कोणीही काहीही मागवले नव्हते. विषयतज्ज्ञांची समिती नेमली गेली नाही, आणि अभ्यासमंडळापुढे हा प्रश्न आलाच नाही; तो थेट वर आला. इतर कोणत्याही विषयाची एखादी पत्रिका बंद करायची झाली तर आपण असे केले नसते. गणिताचा पेपर अवघड जातो म्हणून कोणी निवेदन दिले, तर आपण ते आधी गणिताच्या अभ्यासमंडळाकडे पाठवाल. माझे मागणे तेवढ्याच रीतीचे आहे.

तिसरी गोष्ट ‘परदेशी’ या शब्दाविषयी. इथे मला थोडे थांबावे लागेल, कारण हा आरोप मराठीत केला गेला आहे आणि मराठीत तो सर्वांत कमी टिकतो. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ताबाई नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी होती. आपल्या जातीतल्या बायका उघड्यावर बाळंत होतात तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येते, हे तिने त्या निबंधात लिहिले. जात आणि बाईपण एकत्र आले की दुःख कसे बदलते, हा आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जाणारा प्रश्न एका शाळकरी मुलीने आपल्या भाषेत, आपल्या अनुभवातून मांडला होता. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. त्याला निमित्त होते सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्याचे आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर सुरू झालेल्या टीकेचे. ताराबाईंनी त्या टीकेतला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांना लावून पाहिला. या पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूने ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत उभे राहिले. १९१६ साली पंचवीस वर्षांच्या बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांशिवाय जातीच्या भिंती टिकू शकत नाहीत, अशी मांडणी केली. लिंगभावाचा अभ्यास म्हणतात तो हाच. त्या खेपेला विचार इथून तिकडे गेला होता.

ताराबाईंच्या पुस्तकाचे पुढे काय झाले, याचा आपल्या पहिल्या ठरावाशी थेट संबंध आहे. ते पुस्तक विस्मरणात गेले. त्यांनी नंतर दुसरे पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादित करून छापले, तेव्हा मराठी वाचकांना ते परत मिळाले. मधली ९३ वर्षे विद्यापीठे होती, मराठीचे विभाग होते, वाङ्मयाचे इतिहास लिहिले जात होते; पण हे पुस्तक शोधणे आणि शिकवणे हे ज्याचे काम आहे असा विभाग नव्हता. एखाद्या विषयाला स्वतःची जागा, स्वतःचे ग्रंथालय आणि स्वतःची माणसे का लागतात, याचे याहून मोठे कारण माझ्याकडे नाही. ‘विलीनीकरण म्हणजे बंद करणे नव्हे’ असे आपल्यापैकी एका सदस्यांनी सांगितल्याचे मी ऐकले. समाजशास्त्राशी आमचे वैर मुळीच नाही. शर्मिला रेगे स्वतः समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि पुणे विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्र त्यांनी घडवले. पण मोठ्या विभागात आधीच रिक्त असलेल्या पदांच्या यादीला आमची दोन पदे जोडली जातील, ती कधी भरली जाणार नाहीत, आणि वर्षाला एक व्याख्यान आठ मार्चला होईल, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

या केंद्रांमागे देशाचे धोरण होते, याचीही आठवण करून देते. १९७१ साली नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ अखेरीस अहवाल पूर्ण केला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ पर्यंत ९३० वर आल्या, या आकड्याने तेव्हा अभ्यासकांना हादरा दिला. त्याच १९७४ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले. १९८१ ची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्री-अभ्यासाला उत्तेजन द्यावे असे स्पष्ट म्हटले आणि सातव्या पंचवार्षिक योजनेपासून विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना अशा केंद्रांसाठी अनुदान दिले. पुढे पैसे कधी वेळेवर आले, कधी आले नाहीत. करार एकेक वर्षाने वाढत राहिले. मीही त्या अनिश्चिततेतच सतरा वर्षे काढली. विद्यार्थिसंख्या कमी आहे असे आपण म्हणता, पण कायम अध्यापक नसलेल्या, जूनमध्ये सुरू राहील की नाही हे मेपर्यंत न कळणाऱ्या अभ्यासक्रमाला कोणत्या पालकाने आपल्या मुलीला घालावे?

‘ही चळवळ आहे, ज्ञान नव्हे’ असा एक आक्षेप निवेदनात आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला मथुरा प्रकरण म्हणून सर्वांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपींना निर्दोष सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नव्हते. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यात घोषणा नव्हत्या. संमती आणि शरण जाणे यांत फरक असतो, हा मुद्दा त्यांनी निकालपत्र बारकाईने वाचून मांडला होता. रस्त्यावर आंदोलने झाली ती त्या वाचनानंतर. १९८३ साली कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती हे स्त्रीचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूद आली. निकालपत्राचे ते वाचन ज्ञान होते की चळवळ, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकमेकांवाचून झाले नसते, एवढे सांगता येते.

हा विषय पुरुषविरोधी आहे, असाही आरोप होतो; तो मी थोडक्यात घेते. माझ्या वर्गात दरवर्षी काही मुले असत. कर्जाचा तगादा लागलेला बाप घरात कोणाशीच का बोलत नाही, यावर एका मुलाने लिहिलेला निबंध मी अजून जपून ठेवला आहे. ‘पुरुषासारखा पुरुष’ या शब्दांचे ओझे त्याच्या वडिलांनी कसे वाहिले, हे तो या पत्रिकेत शिकलेल्या शब्दांतूनच लिहू शकला. तीच पत्रिका आपण बंद केली आहे. आणि उपयोग विचाराल, तर आमचे विद्यार्थी आज हिंसाग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशक आहेत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने नेमलेल्या तक्रार समित्यांवर आहेत, शाळांतून शिकवत आहेत. २०१९ मध्ये देशभर पहिल्यांदा वेळ-वापराची, म्हणजे कोणाचा दिवस कशात जातो याची, पाहणी झाली आणि बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतात हे कळले. असे मोजले पाहिजे, असा आग्रह ज्या अभ्यासकांनी धरला त्यांत स्त्री-अभ्यासक पुढे होत्या.

आमच्या विषयात उणिवा आहेत, आणि त्या मी लपवणार नाही. आमचे बरेचसे लेखन अशा भाषेत होते की ज्या बायकांविषयी ते आहे त्यांना ते वाचता येत नाही. हा दोष माझ्याही लेखांत आहे आणि त्याबद्दल माझ्या विद्यार्थ्यांनी मला वेळोवेळी बोल लावले आहेत. सुरुवातीच्या कित्येक वर्षांत ‘स्त्री’ म्हणजे वरच्या जातीची स्त्री असे नकळत धरले गेले. ते चूक होते हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली दाखवून दिले, आणि १९९८ साली शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी करून आम्हाला आमचा अभ्यासक्रम नव्याने लिहायला लावले. २०१८ साली तीन लेखकांनी वीस बनावट शोधनिबंध लिहून अशा विषयांच्या नियतकालिकांकडे पाठवले. सात स्वीकारले गेले आणि त्यांपैकी चार छापूनही आले. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि आमचे परीक्षण अधिक कडक व्हायला हवे. पण २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांचे मूलपेशींवरील बनावट निबंध मागे घेतले, तेव्हा कोणी जीवशास्त्राचे विभाग बंद केले नाहीत. तपासणी कडक केली. तीच वागणूक आम्हाला मिळावी.

हे फक्त आपल्याकडे घडते आहे असेही नाही. हंगेरीच्या सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या मान्यताप्राप्त यादीतून लिंगभाव अभ्यास काढून टाकला. अमेरिकेत फ्लोरिडातील एका सरकारी महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी ऑगस्ट २०२३ मध्ये आपला या विषयाचा अभ्यासक्रम संपवण्याच्या बाजूने मतदान केले. तिकडे हा विषय परंपरेच्या विरोधात म्हणून नकोसा झाला, इकडे तो तिकडचा म्हणून.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मौखिकीची तारीख पंधरा दिवसांच्या आत जाहीर करावी, आणि ती खुलीच ठेवावी. प्रबंधाचा विषय विद्यापीठाने रीतसर मंजूर केलेला आहे, असे निवेदन कुलसचिवांच्या सहीने प्रसिद्ध करावे. विद्यार्थिनीने केलेल्या तक्रारीत विद्यापीठाने सहतक्रारदार व्हावे आणि तिचा वकिलाचा खर्च उचलावा. तिचे वडील रोजंदारीवर काम करतात.

विलीनीकरणाचा आणि पत्रिका बंद करण्याचा असे दोन्ही ठराव स्थगित ठेवावेत. केंद्राच्या कामाच्या दर्जाविषयी आपल्याला शंका असेल तर विद्यापीठाबाहेरील विषयतज्ज्ञांची समिती नेमावी, तिला प्रबंध, अहवाल आणि उत्तरपत्रिका सगळे पाहू द्यावे, आणि तिचा अहवाल, तो आमच्या विरोधात गेला तरी, जसाच्या तसा संकेतस्थळावर ठेवावा. केंद्राची दोन मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत. निदान जाहिरात तरी याच शैक्षणिक वर्षात काढावी. आणि केंद्राच्या ग्रंथालयातील पुस्तके तोपर्यंत हलवू नयेत. मागच्या आठवड्यात खोलीबाहेर खोकी आणून ठेवली आहेत असे कळले. त्या कपाटांत गावोगावच्या महिला मंडळांची हस्तलिखित इतिवृत्ते आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

निवेदन देणाऱ्या शिष्टमंडळातील सदस्यांनाही माझी एक विनंती आहे. मौखिकी खुली असते, तिला कोणीही येऊ शकते आणि अध्यक्षांच्या परवानगीने प्रश्नही विचारू शकते. आपले आक्षेप तिथे, तिच्यासमोर मांडावेत. त्या प्रबंधाची एक प्रत केंद्राच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या टेबलावर मी ठेवायला सांगितली आहे. पाण्याच्या बाटलीचे पान चौथ्या प्रकरणात आहे. परिषदेच्या सर्व सदस्यांनीही यावे. भाजी विकणाऱ्या त्या बाईंनी येण्याचे कबूल केले आहे. सकाळच्या गाडीने त्या येणार आहेत, त्यामुळे मौखिकी ज्या इमारतीत होईल तिथले स्त्रियांचे स्वच्छतागृह त्या दिवशी उघडे असेल एवढे कृपया पाहावे.

आपली विश्वासू,
स्त्री अभ्यास केंद्रातील एक माजी विद्यार्थिनी व अध्यापिका